सिरीयस आहे, काळजी करू नका

लातूर, १४ जून २०१०

आज नोकरीचा पहिला दिवस, म्हणून डायरीही आजपासून. डायरी अब्बांनी दिली. खरं म्हणजे ती फोमच्या व्यापाऱ्याने फुकट वाटलेली, जानेवारीपासून दुकानात धूळ खात पडलेली. पण वर व्यापाऱ्याचं नाव छापलेलं अब्बांना खपेना. त्यांनी तिला काळ्या रेक्झिनचं कव्हर शिवून दिलं, दुहेरी टाक्याचं. नांदेडच्या अर्ध्या मोटारसायकलींच्या सीटवर पाशामियाँच्या, म्हणजे आमच्या अब्बांच्या, हातचं हेच रेक्झिन आहे. "पाऊस लागला तरी काही होणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, अब्बा, डायरीवर कोण बसून जाणार आहे? तर हसता हसता त्यांना खोकला लागला, आणि अम्मी माझ्यावरच डाफरली.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी. मनातलं लिहायला बसलं की हाताला मराठीच येते. त्यामुळे अब्बांचं बोलणंही इथं बरंचसं मराठीतच उतरेल. त्यांना कळलं तर चिडवतील.

माझं काम पालकांना फोन करण्याचं. क्लासमध्ये बारावी आणि सीईटीची मुलं आहेत, बहुतेक खेड्यापाड्यांतली, इथं खोल्या करून राहणारी. चाचणी झाली की त्यांच्या घरी फोन लावायचा आणि पोरगं कसं चाललंय ते सांगायचं. क्लासच्या सरांनी बजावलंय, "सादिया मॅडम, फोनवर चार शब्द इंग्रजी आलेच पाहिजेत. पालकाला वाटलं पाहिजे, पोरगं भारी ठिकाणी शिकतंय." मी बी. ए. इंग्लिश. चार कशाला, चाळीस टाकीन.

२२ जून

सरांचा लाडका शब्द सिरीयस. "ही बॅच सिरीयस नाही." "मॅडम, चहाच्या बाबतीत आपण सिरीयस व्हायला पाहिजे." मुलांचे त्यांनी दोनच गट केलेत, सिरीयस आणि नॉन-सिरीयस, आणि मला फोनवरही तेच सांगायला लावलंय.

खोलीवर आले तर तिथंही तोच शब्द. माझी रूममेट मनतशा, धर्माबादची, बँकेच्या परीक्षा देते. तिला एक स्थळ आलंय आणि मुलगा रोज फोन करतो. "पण तो सिरीयस आहे का टाइमपास करतोय, कळत नाही गं," असं ती रोज म्हणते. काल सर्दीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले, तर तिथं एक बाई सांगत होती, "सासरा सिरीयस हाय, काचेच्या खोलीत ठेवलंय." मला राहवेना. मनतशाला म्हटलं, बघ, आपण इंग्रजीचं कसं मातेरं करतो. इंग्रजीत दुखणं सिरीयस असतं, माणूस नव्हे. माणूस सिरीयस आहे म्हणजे तो चेष्टा करत नाहीये, एवढाच अर्थ. मनतशा म्हणाली, "तू पण ना, झोप आता." शब्द नीट वापरावेत असं म्हटलं की लोक झोपायला सांगतात.

२ जुलै

अब्बांचा फोन. दुपारी दुकानात जरा आडवे होतात म्हणे. मी विचारलं का, तर म्हणाले, "गॅस." अब्बांचं सगळं दुखणं गॅस असतं. कधी येतेस, असं त्यांनी दोनदा विचारलं. पहिली चाचणी झाली की येते म्हटलं.

१० जुलै

कालचं लिहायचं आहे.

काल सकाळी पहिल्या चाचणीचे फोन सुरू केले. सत्यम नावाचा मुलगा आहे, औशाच्या पलीकडच्या गावचा, केमिस्ट्रीत बॅचमध्ये पहिला. चांगली बातमी सांगायला मला आवडतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली. फोन त्याच्या आजीने उचलला. झालेलं बोलणं शब्दाला शब्द लक्षात आहे, कारण कालपासून ते कानातून जातच नाही.

"सत्यमच्या घरून का? मी लातूरहून बोलतेय, त्याच्या क्लासमधून."

"हाव, बोला की. म्या आज्जी त्येची."

"सत्यम सिरीयस आहे."

"काय म्हन्लाव?"

"सत्यम सिरीयस आहे, आजी. व्हेरी सिरीयस. तुम्ही काही काळजी करू नका. त्याच्या वडलांना म्हणावं, सवडीने येऊन सरांना भेटून जा."

फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. पुढचा नंबर लावला, मग त्याच्या पुढचा. क्लासचा फोन दुपारपर्यंत मीच अडवून बसले होते.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी दारात एक क्रूझर येऊन थांबली, मागे एक पिकअप. गाडी थांबायच्या आतच बायकांचा आकांत ऐकू आला. मी तसला आवाज कधी एवढ्या जवळून ऐकला नव्हता. रस्त्यावरच्या टपऱ्यांतली माणसं उठून उभी राहिली. आमचा शिपाई गेट लावायला धावला आणि तसाच उभा राहिला.

पुढे एक उंच माणूस आला, धोतर-सदरा, पायात काहीच नाही. तो रडत नव्हता. माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाला, "म्या आप्पासाहेब. सत्यमचा बाप. कुठं ठेवलाय त्याला?"

मला वाटलं, कुठल्या बॅचला ठेवलंय असं विचारताहेत. मी हसून सांगितलं, "दुसऱ्या मजल्यावर आहे, फिजिक्सला."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची ती नजर मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. तेवढ्यात तास सुटला आणि जिन्यावरून पोरं उतरायला लागली, नेहमीसारखी ढकलाढकली करत. त्यांत सत्यम, हातात पेन, शाईने माखलेली बोटं. "आप्पा? तुमी कसं काय आलाव?" म्हणाला.

आप्पासाहेब खाली बसले. खुर्ची होती, बाक होता, पण ते होते तिथं फरशीवर बसले. आजी पुढे आली. नागुबाई तिचं नाव. तिने पोराचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, हात उलटेपालटे करून बघितले, आणि मग आधीपेक्षा मोठ्याने रडायला लागली. सत्यमला काहीच कळेना, आणि मला सगळं एकदम कळलं.

मी गाडीपर्यंत पाणी घेऊन गेले तेव्हा मागच्या सीटवर एक गाठोडं दिसलं. कोरं पांढरं कापड. सत्यमचा चुलता, संगप्पा, त्याने माझ्याकडे बघितलं आणि गाठोडं पायाने सीटखाली सरकवलं. मी तांब्या तिथंच ठेवून आत पळाले. ते कापड कुणी, कुठल्या दुकानातून, काय सांगून घेतलं असेल? हा विचार कालपासून थांबत नाही.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरगं अभ्यास करून राहिलं असं सांगायचं हुतं तर तसंच सांगायचं. आमच्या गावात सकाळधरनं चूल पेटली न्हाई."

मी म्हटलं, आजी, मला माफ करा, पण सिरीयस म्हणजे तसं नव्हे हो. तर नागुबाईने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. तिची मोठी लेक भूकंपाच्या गावांत दिली होती. भूकंप झाला त्या सकाळी एक ट्रकवाला निरोप घेऊन आला, लेक सिरीयस हाय, सोलापूरला नेलंय. ही माणसं सोलापूरचा सगळा दवाखाना हिंडली, खाट न् खाट बघितली. लेकीला तिच्या गावातच माती मिळून गेली होती, त्याच दिवशी.

"ट्रकवाल्याचा राग न्हाई आला?" मी विचारलं.

"राग कशापायी? मेलं म्हनून कोन सांगतंय, माय? सिरीयस म्हनतेत. वाटंत मानूस धड ऱ्हावं म्हनून. आन् वर म्हनतेत, काळजी करू नका. तू बी तसंच म्हन्लीस की."

हो, मी तसंच म्हटलं होतं.

१३ जुलै

सरांनी तो शब्द बंद केला. ऑफिसात, वर्गात, चहाला, कुठंच नाही. 'गंभीर' चालेल का, असं त्यांनी स्वतःच विचारलं आणि माझं तोंड बघून स्वतःच नको म्हणाले. मग 'सिन्सियर' काढला. आज उदगीरच्या एका पालकाला म्हटलं, मुलगी सिन्सियर आहे. तो म्हणाला, "सिनियर कशी, अजून बारावी व्हायची हाय की." आता मी माझीच पद्धत धरलीय. फोन लागला की आधी सांगायचं, तुमचा मुलगा ठणठणीत आहे, आत्ता माझ्यासमोरून गेला, तोंडात वडापाव होता. बाकीचं नंतर. सर कुरकुरतात, यात इंग्रजी कुठं आहे?

अब्बांना सगळं सांगितलं. आधी ते हसले, खोकला येईपर्यंत. "पूरे गाँव कू रुलाया तेरे फोन ने!" मग जरा वेळाने म्हणाले, मलाही तशीच तार आली होती, हैदराबादहून, तुझ्या चाचाची. सिरीयस. रेल्वेत सगळा वेळ त्याच्या तब्येतीसाठी दुआ करत गेलो. उतरलो तेव्हा कळलं. मी म्हटलं, किती वाईट, अब्बा, खोटं बोलून बोलावलं. तर म्हणाले, "वाईट कायकू? गाडी चालत होती तोवर माझा भाऊ जिवंत होता ना. तेवढा वेळ मला जास्तीचा मिळाला."

मला हे पटलं नाही. शब्दाला त्याचा अर्थ असावा. मी तसं त्यांना सांगितलं, आणि ते म्हणाले, "हौ, बी. ए. साहिबा."

२१ जुलै

मोहसीनचा फोन. अब्बा दोन दिवस दुकानात गेले नाहीत. डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, गोळ्या दिल्या, जिने चढू नका म्हणाले. मोहसीन धाकटा भाऊ असून माझ्यावर ओरडला, "आपा, शब-ए-बरातला तरी ये." नेमकी त्याच दिवशी दुसरी चाचणी. सरांना अर्धा दिवस मागितला तर म्हणाले, मॅडम, ऐन सीझनमध्ये? मी परत विचारलं नाही. त्या कापडाच्या गाठोड्यानंतर सरांसमोर मान वर करून काही मागायला मला लाज वाटते.

अब्बांना फोनवर म्हटलं, रमजानच्या आत नक्की येते. ते म्हणाले, "आराम से आ."

२९ जुलै

अम्मीने शब-ए-बरातचा हलवा एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. मनतशाने अर्धा संपवला. मला खाताना एकदम रडू आलं. रात्रीच्या नमाजला अब्बा दरवर्षी नवा सदरा घालून निघतात, या वर्षी घरीच बसून होते म्हणे. फोनवर आवाज बारीक वाटला. मी विचारलं, अब्बा, खरं सांगा, कसं वाटतंय? तर म्हणाले, "सिरीयस नै हूँ, बेटा," आणि हसले. स्वतःच्याच विनोदावर हसायची त्यांची सवय आहे. मी रागावले. असले विनोद मला आता सोसत नाहीत.

ठरवलं, सात तारखेच्या शनिवारी जायचंच. सर काही म्हणोत.

३ ऑगस्ट, बसमध्ये

अक्षर वाईट येतंय. बस चाकूरच्या पुढे आलीय. लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

सकाळी क्लासमध्ये पालकांची मीटिंग होती. आप्पासाहेबही आले होते, आज पायात चपला होत्या. मला बघून त्यांनी नमस्कार केला. तेवढ्यात मोहसीनचा फोन आला.

"आपा, अब्बा सिरीयस हैं. तू काळजी नक्को कर. आराम से आ."

मी म्हटलं, अब्बांना फोन दे. तो म्हणाला, सोए हैं. मग अम्मीला दे म्हटलं. अम्मी आली. तिचा आवाज बसला होता. तीही तेच म्हणाली, "सिरीयस हैं, बेटा." अम्मीने हा शब्द कधी उच्चारलेला मला आठवत नाही. तब्येत नरम, तब्येत गरम, याच्यापलीकडे आजारासाठी अम्मीकडे शब्दच नाही. दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून ऐकला असेल. दवाखान्यात नाही तर कुठं ऐकणार?

सरांना सांगितलं. जे सर अर्धा दिवस देत नव्हते ते उठून उभे राहिले. "जा, जा. लागतील तेवढे दिवस घ्या." मी म्हटलं, शनिवारपर्यंत येईन परत. ते टेबलावरचे कागद नीट करायला लागले. सत्यमने माझी बॅग स्टँडपर्यंत आणली.

आप्पासाहेब माझ्याबरोबर आहेत. नांदेडला त्यांना काम आहे म्हणे, सोयाबीनवर फवारायचं कसलं तरी औषध तिथंच मिळतं. लातूरच्या एवढ्या बाजारात मिळत नाही असं कुठलं औषध, ते मी विचारलं नाही. तिकीटही त्यांनीच काढलं.

मोहसीन सिरीयस हा शब्द कसा वापरतो ते आठवून बघतेय. "दुकानाचं मी सिरीयसली बघणार आहे." "हौले," म्हणजे येड्या, "सिरीयस हो जरा." तो नेहमी बरोबरच वापरतो. मीच त्याला शिकवलंय. तो काही औशाच्या पलीकडच्या गावचा नाही. आणि मीच लिहिलंय या डायरीत, माणूस सिरीयस आहे म्हणजे तो चेष्टा करत नाहीये. अब्बा सिरीयस आहेत. अब्बा चेष्टा करत नाहीयेत. बस, एवढंच.

अहमदपूर. आप्पासाहेबांनी चहा आणि बिस्किटांचा पुडा आणला. "खाऊन घे, पोरी. तिथं गेल्यावर खानं हुईल न हुईल." आज पहिल्यांदा मॅडम म्हणाले नाहीत. मी म्हटलं, अम्मी घरात असताना आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही. ते म्हणाले, "हाव, ते बी खरंच," आणि पुडा फोडून माझ्या हातात दिला. दोन खाल्ली. तिसरं पुड्यात परत ठेवलं.

मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, आप्पासाहेब, तुम्ही मला खोटं सांगणार नाही. सिरीयस म्हणजे सिरीयसच ना?

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिचं झाकण उघडलं.

"हाव, पोरी. सिरीयस म्हंजे सिरीयस. पानी पी."

बघा. ते पण म्हणाले. आणि सत्यमसुद्धा सिरीयसच होता की. सगळं गाव रडत आलं होतं, कापड घेऊन आलं होतं, आणि तो जिना उतरून आला, हातात पेन घेऊन. हे यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अब्बा पण असेच येतील, रेक्झिनवर खुणा करायचा खडू कानाच्या मागे खोचलेला, आणि म्हणतील, बी. ए. साहिबा, घाबरलात ना? मग मी त्यांच्याशी भांडणार आहे. आयुष्यात भांडले नाही इतकं.

लोहा गेलं. ड्रायव्हर फार हळू चालवतोय, मागच्या बाया कुरकुरताहेत. मला चालेल. हळू चालव बाबा, आणखी हळू चालव. वाटेत पंक्चर झालं तरी चालेल.

डायरीच्या कव्हरवरून हात फिरवतेय. एका कोपऱ्यात टाका जरा वाकडा आलाय, आज पहिल्यांदा दिसला. अब्बांचा टाका कधी वाकडा येत नाही. त्यांना दाखवणार आहे.

नांदेड. बस स्टँडात वळतेय. खिडकीतून मोहसीन दिसला. एकटा नाही. धाकटे चाचा आहेत, शेजारचे आहेत, दुकानाच्या ओळीतले सगळे आहेत. माझी बॅग एकच आहे, एवढी माणसं कशाला आलीत? आप्पासाहेबांनी बॅग आधीच उचललीय, दुसऱ्या हाताने माझा दंड धरलाय.

सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आहेत. आज मंगळवार आहे. जुम्मा तर नाही.